शिवाजी विद्यापीठ ग्रंथालयातील ऐतिहासिक संग्रह

कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयात व विद्यापीठाच्या इतर संग्रहांत जतन केलेली हस्तलिखिते, कागदपत्रे व दुर्मिळ ग्रंथ. छत्रपती राजाराम महाराजांच्या (कार. १९२२–४०) नावाने ओळखल्या जाणाऱ्या राजारामपुरी या वस्तीच्या आग्नेयेस, माळरानावर विद्यापीठाचा परिसर पसरला आहे. विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ रोजी झाली. ग्रंथालयास शिक्षणतज्ज्ञ व पहिल्या लोकसभेचे सदस्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांचे नाव देण्यात आले आहे.

संग्रहाचे महत्त्व करवीर राज्याच्या इतिहासाशी निगडित आहे. छत्रपती राजारामाच्या मृत्यूनंतर (१७००) महाराणी ताराबाई (१६७५–१७६१) यांनी अल्पवयीन पुत्र दुसरा शिवाजी याच्या नावाने राज्यकारभार हाती घेतला आणि औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत (१७०७) मोगलांशी लढा चालू ठेवला. शाहूच्या सुटकेनंतर मराठ्यांच्या दोन गाद्या झाल्या. १७१४ मध्ये राजसबाईने आपला पुत्र दुसरा संभाजी यास गादीवर बसवून ताराबाईंना पन्हाळ्यावर नजरकैदेत ठेविले. वारणेच्या तहाने (१७३१) वारणा नदी ही उभय राज्यांची सीमा ठरली. पुढील काळात मराठ्यांच्या इतिहासाची प्रसिद्ध झालेली साधने मोठ्या प्रमाणावर पेशव्यांच्या दप्तरातील होती. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३०–३४ या काळात छापले गेले. त्यामुळे करवीरची गादी इतिहासात बहुधा सातारकरांची प्रतिपक्षी म्हणूनच दिसे; तिची स्वतःची बाजू मात्र ठिकठिकाणच्या दप्तरांत बांधलेल्या रुमालांतच राहिली.

ही उणीव दूर करण्याचे कार्य विद्यापीठाचे पहिले कुलगुरू व इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार यांनी हाती घेतले. त्यांच्या संपादनाखाली ताराबाईकालीन कागदपत्रांचे खंड १९६९ पासून विद्यापीठाने प्रसिद्ध केले. त्यांमुळे ताराबाईंचे चरित्र केवळ युद्धे व गृहकलह यांपुरते न राहता त्यांचा दैनंदिन कारभारही अभ्यासाचा विषय झाला. राजर्षी शाहू छत्रपती (१८७४–१९२२) यांच्यासंबंधीच्या कागदपत्रांची इंग्रजी ग्रंथमालाही विद्यापीठाने काढली. विलास संगवे व बी. डी. खणे यांनी संपादिलेला तिचा पहिला खंड १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. मागासलेल्या वर्गांसाठी रिक्त जागांपैकी निम्म्या जागा राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा आदेश, तसेच १९१७ नंतरचे सक्तीचे प्राथमिक शिक्षण यांचा अभ्यास अशा अस्सल साधनांवरच अवलंबून असतो.

मराठेशाहीतील कागद बहुतांशी मोडी लिपीत आहेत. मोडीत लेखणी कमीत कमी उचलून लिहिले जाते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द सलग लिहिले जातात आणि संक्षेपांचा वापर विपुल असतो. कालनिर्णय हेही स्वतंत्र शास्त्र आहे. छत्रपतींच्या पत्रांत राज्याभिषेक शक, तर इतर व्यवहारात शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांनी लिहिलेला आढळतो. उदा., ‘इहिदे अशर मया व अलफ’ म्हणजे एक, दहा, शंभर व हजार मिळून शुहूर सन ११११. त्यात ५९९ मिळविले असता इ. स. १७१० हे वर्ष येते. शुहूर वर्षाचा प्रारंभ मृग नक्षत्री होत असल्याने त्याचा उत्तरभाग १७११ मध्ये पडतो. राज्याभिषेक शक ३७ हाही याच सुमाराचा. वतनाच्या तंट्यांत बनावट कागद पुढे करण्याचे प्रकार होत असल्यामुळे अशा दोन कालगणनांचा मेळ, शिक्का, मोर्तब व हस्ताक्षराचे वळण यांवरून कागदाचा अस्सलपणा पारखावा लागतो.

अर्वाचीन काळातील साहित्यिक सामग्रीही विद्यापीठात जतन करण्यात आली आहे. राजारामपुरीत वास्तव्य केलेले कादंबरीकार वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांचे स्मृतिसंग्रहालय विद्यापीठाच्या परिसरात आहे. ययाति या कादंबरीचे कर्ते असलेल्या खांडेकरांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार लाभला. मराठी साहित्यिकास मिळालेला तो पहिलाच ज्ञानपीठ पुरस्कार होय.

जुन्या कागदास दमटपणा, वाळवी व कसर यांपासून धोका असतो. घडीवर तो प्रथम फाटतो, तर काही शाईंतील आम्लामुळे अक्षरांच्या जागीच जिरतो. कोल्हापुरासारख्या भरपूर पावसाच्या प्रदेशात हा धोका अधिक. म्हणून कोरडी व खेळती हवा, आम्लरहित वेष्टने आणि प्रतिमांकन हे उपाय योजावे लागतात. प्रतिमांकनाने मूळ कागदाची हाताळणी कमी होते. तथापि कागद वाचला जातोच असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास शिक्षणातून व सरकारी व्यवहारातून मोडी मागे पडल्यानंतर ती सराईतपणे वाचणाऱ्यांची संख्या घटत गेली. जो कागद कोणी वाचत नाही, त्याची नीट सूची होत नाही आणि सूचीत नसलेला कागद संशोधकाच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो. ताराबाईंची पत्रे दीर्घकाळ याच अवस्थेत होती. त्यामुळे संग्रहाच्या जतनात कागदाच्या संरक्षणाइतकेच मोडीच्या अध्यापनाला महत्त्व आहे.