रविवारी वाढणार कोण?

गणेशोत्सवातला महाप्रसाद रविवारी असावा, असे प्रत्येक मंडळाला वाटते. त्या दिवशी कचेऱ्या बंद, शाळा बंद; वाडी, दांडिया बाजार, कारेलीबागेतले नातलगही गोत्रीपर्यंत येऊ शकतात. पण अलीकडे केटररला रविवारची तारीख सांगितली की तो आधी विचारतो, "सोमवारी नाही चालणार?" अडचण शिध्याची नसते, गॅसची नसते, भांड्यांचीही नसते. वाढायला माणसे मिळत नाहीत. पंगतीऐवजी बुफे ठेवा, असे तो सुचवतो, त्याचे कारणही तेच. गोत्री रोडवरून वासणा-भायलीकडे जाताना हॉटेलांच्या दारांवर "माणसो जोईए छे" अशा पाट्या दिसतात. काही पाट्या लावल्यापासून पुन्हा उतरलेल्याच नाहीत. मालक सांगतात, माणूस मिळतो, पण शनिवार-रविवार म्हटले की नको म्हणतो.

यावर आपल्या बैठकींत एकच निकाल लागतो: "हल्ली कोणाला कामच नको." आम्हांला हा निकाल घाईचा वाटतो. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याला जेवू घालणारी माणसे पूर्वी सहज मिळत होती, हे खरे. पण ती का मिळत होती आणि आता का मिळत नाहीत, याला शेसव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या मराठी माणसांचा व आपल्या बडोद्याचा आहे.

सुरुवात रविवारपासूनच करू. आज आपल्याला रविवार हा पंचांगाइतका जुना वाटतो. पण कष्टकऱ्याचा सुट्टीचा रविवार मागून आणि भांडून मिळालेला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत काम चाले. सणावाराला गिरणी बंद राहिली तर राहिली. ठरलेली साप्ताहिक सुट्टी कामगाराला नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातली पहिली मागणी रविवारच्या सुट्टीची होती. शिवाय दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि पगार वेळेवर. गिरणी मालकांनी लगेच दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिच्यात दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून कामगारांना तोच हवा होता, असेही सांगितले जाते. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या सुधारित कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली ती १८९३ मध्ये. म्हणजे आपण ज्या रविवारी महाप्रसाद ठेवतो, तो रविवार आपल्या उत्सवाहून तीनच वर्षांनी थोरला आहे.

पण एकाला सुट्टी मिळाली की त्या दिवशी त्याचे जेवण कोणी रांधायचे, हा प्रश्न लगेच उभा राहतो. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत दाटीने राहत आणि खाणावळीत जेवत. त्या खाणावळी बहुतेक बायकाच चालवत. गिरणीचा भोंगा रविवारी वाजत नसे. खाणावळवाल्या बाईची चूल मात्र पेटतच असे. तिच्यासाठी निवेदन कोणी लिहिले नव्हते. १९७४ च्या गिरणी संपात या बायकांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले आणि त्यापायी त्या सावकारांच्या कर्जात बुडाल्या. त्यानंतर प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि बँकांच्या कर्जाची वाट खुली केली. गिरणी कामगाराच्या संघटनेनंतर त्याला जेवण वाढणारीची संघटना व्हायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

तरीही या धंद्याने आपल्यापुरती एक तोड काढली होती. मराठी मुलखातल्या खाणावळींत नियम असे: रविवारी दुपारी गोडाधोडाची फीस्ट आणि रविवारी संध्याकाळी खाणावळ बंद. वसतिगृहांच्या मेसमध्येही हीच रीत. ज्यांनी शिक्षणासाठी घर सोडले होते, त्यांना ती रविवारची संध्याकाळ चांगली आठवत असेल. दुपारचे दोन घास जास्त घेऊन रात्र भागवायची, नाहीतर शेव-पोह्यांवर निजायचे. त्या वेळी आपण कुरकुरलो, पण आचाऱ्याला आठवड्यातून एक संध्याकाळ मिळत होती ती त्यामुळेच. मुंबईच्या डबेवाल्यांचेही तसेच. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेले हे काम आजही रविवारी बंद असते, आणि गावच्या जत्रेसाठी डबेवाले वर्षातून काही दिवस मिळून रजा घेतात. गिऱ्हाईक तेवढे दिवस सोय पाहते. जेवणारा थोडे सोसत होता, म्हणून वाढणाऱ्याला थोडे मिळत होते.

सगळीकडे मात्र असे नव्हते. शहरांतली हॉटेले वर्षाचे बारा महिने, सकाळपासून रात्रीपर्यंत चालत ती कोणाच्या बळावर? मुंबईच्या उडुपी हॉटेलांत दक्षिण कानड्यातून आलेली पोरे असत. ती हॉटेलातच काम करत, तिथेच जेवत आणि रात्री बाके एकाला एक लावून तिथेच झोपत. ज्याचे घरच हॉटेल, त्याला शनिवार काय आणि रविवार काय! त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी रात्रशाळेत शिकून ती बाके सोडली. आपल्या घरांतही चित्र निराळे नव्हते. मुंजी-लग्नांत सोवळ्यातले आचारी असत, आणि सणासुदीला रांधायला एखादी विधवा स्वयंपाकीणबाई येई. तिला दुसरा आधार नव्हता, म्हणून ती 'मिळत' असे. "तुमचा सण कधी?" असे तिला कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. जुन्या दिवसांची आठवण काढताना आपण पंगतीची शिस्त आठवतो, मठ्ठ्याची चव आठवतो. तेवढ्याच आठवणीने हेही आठवायला हवे.

इथे आपल्या बडोद्याचा भाग येतो. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मुलांबरोबर मुलींनाही. जे पोर शाळेत बसते ते त्या वेळी कपबश्या विसळत नाही, इतका साधा हिशोब त्यात होता. स्वतंत्र भारतात चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेले, ढाबे आणि घरकामाला ठेवण्यावर बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. बडोद्याच्या सक्तीच्या शिक्षणाला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. हॉटेलातला 'बारक्या' नाहीसा होऊ लागला, याचे दुःख कोणी करू नये. पण त्याच्या जागी मोठ्या माणसाला मोठ्या माणसाचा पगार द्यावा लागतो, हा हिशोब धंद्याने आणि गिऱ्हाइकाने अजून पुरता मांडलेला नाही.

कायदाही हळूहळू आला. दुकाने व आस्थापनांसाठी देशातला पहिला कायदा मुंबई प्रांताने १९३९ मध्ये केला. म्हणजे गिरणी कामगाराच्या रविवारनंतर हॉटेलच्या पोऱ्याचे नाव कायद्याच्या पुस्तकात यायला जवळजवळ पन्नास वर्षे गेली. १९४८ च्या सुधारित कायद्याने उपाहारगृहातल्या प्रत्येक नोकराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि दिवसाला नऊ तास काम अशी हद्द घातली. मात्र त्यातच एक मेख होती: हे नऊ तास चौदा तासांत पसरवायची मुभा हॉटेलांना मिळाली; दुकानांना ती अकरा तासांचीच होती. हॉटेलवाले ज्याला 'ब्रेक शिफ्ट' म्हणतात ती हीच. सकाळी अकरा ते तीन काम, मधे घरी जाण्याइतकाही वेळ नाही, आणि पुन्हा सात ते रात्री उशिरापर्यंत. कागदावर काम नऊ तासांचे. माणूस अडकतो सबंध दिवस.

आपल्या शहराच्या बाबतीत एक गंमत आहे. बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले १ मे १९४९ रोजी आणि मुंबईचे कायदे इथे आले. गुजरात राज्य झाले १ मे १९६० रोजी. आणि त्या जुन्या कायद्याच्या जागी गुजरातचा नवा दुकाने व आस्थापना कायदा लागू झाला १ मे २०१९ रोजी. तिन्ही तारखा कामगार दिनाच्या! नव्या कायद्याने दुकाने-हॉटेले चोवीस तास उघडी ठेवता येतात. नोकराची आठवड्याची एक सुट्टी मात्र कायम आहे. दार चोवीस तास उघडे आणि माणसाला सुट्टी हवीच, तर माणसे जास्त लागणार. हा नुसता गुणाकार आहे.

आता आजच्या बडोद्याकडे या. १९६० च्या दशकात कोयलीची रिफायनरी आली, खत कारखाना आला, मग पेट्रोकेमिकल्स आले; शहर पश्चिमेकडे वाढले आणि गोत्री गाव शहराच्या पोटात गेले. नोकरदार वस्ती वाढली तशी रविवारी संध्याकाळी बाहेर जेवायची गुजराती रीत आपणही उचलली. ती रीत वाईट नाही. घरच्या अन्नपूर्णेला एक संध्याकाळ सुट्टी मिळते. पण खाणावळ पूर्वी रविवारी संध्याकाळी बंद असे, आणि आता सगळ्या शहराला जेवायला हवे असते ते नेमके रविवारी संध्याकाळी! घरातली सुट्टी आपण हॉटेलातल्या कोणाच्या तरी गळ्यात घातली आहे.

ही माणसे येतात कुठून? रसोड्यातले महाराज बहुधा राजस्थानचे. वाढपी, भांडी घासणारे दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडचे. होळीला ती गावी जातात म्हणजे जातातच. तिकडची होळी आणि तिच्या जत्रा आपल्या गणपतीहून कमी नाहीत. दिवाळीला घर, नवरात्रात गरबा. इथला स्थानिक मुलगा तर नवरात्रात रात्री ट्रे उचलायला तयारच होत नाही, आणि का व्हावा? २०२० च्या टाळेबंदीत कितीतरी जण गावी परतले आणि त्यांतले काही परत आलेच नाहीत. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो झोमॅटो-स्विगीची पिशवी पाठीला लावतो. तिथेही रविवारी कष्ट जास्तच, पण कामावर कधी यायचे ते थोडेफार तरी आपल्या हाती, आणि मधले चार तास कोणाच्या दारात बसून काढायचे नसतात.

म्हणून आम्हांला वाटते, माणसांना काम नको आहे असे नाही. नारायण मेघाजींनी १८८४ मध्ये जे मागितले तेच ती मागत आहेत. फरक इतकाच की निवेदनावर सही करण्याऐवजी ती नोकरीलाच येत नाहीत. आम्ही सरकारी नोकर. आम्हांला रविवार मिळतो, दुसरा आणि चौथा शनिवार मिळतो. आमच्या शनिवारी ज्याने आमची थाळी भरली त्याला मंगळवारी सुट्टी मिळाली का, हे आम्ही क्वचितच विचारतो. गोत्रीत कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. ही योजना हॉटेल-उपाहारगृहांतल्या नोकरांनाही लागू होते. पण नोकराचे नाव हजेरीपटावर असेल तरच. फक्त शनिवार-रविवारपुरता, रोजावर बोलावलेला वाढपी बहुधा त्या पटावर नसतो. त्याच्या हातावर आमटी सांडली तर त्याने त्या इमारतीकडे नुसते पाहायचे.

उपाय काही आकाशातून पडणार नाहीत. पण आपल्या मंडळापुरते तीन तरी करता येतील. पहिला, महाप्रसादाचा दर ठरवताना रविवारचा रोज जास्त धरावा आणि तो वाढप्याच्याच हाती पडतो की नाही हे कार्यकारिणीने पाहावे. दुसरा, घरटी एक माणूस वाढायला उभा राहावा. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी वाढपी भाड्याने आणत नसत. धोतराचा काचा मारून घरचेच लोक द्रोणात वरण ओतत फिरत. वाढणे हा तेव्हा मान होता. आज आपल्या मुलांना परदेशात शिकताना शनिवार-रविवारी हॉटेलात काम केल्याचे आपण कौतुकाने सांगतो. तेच मूल इथे पंगतीत भात घेऊन फिरले तर कमीपणा कसला?

तिसरा उपाय सगळ्यांत जुना आहे. शेवटची पंगत वाढप्यांची, आणि तिला यजमानाने स्वतः वाढायचे, ही आपली रीत. बुफे आल्यापासून ती विसरली गेली. केटररची मुले मंडपामागे उभ्याउभ्या, उरलेसुरले जेवतात. यंदा त्यांच्यासाठी पाने मांडावीत. मोदक आधी त्यांच्यापुरते बाजूला काढावेत, आणि मंडळाच्या अध्यक्षांपासून सगळ्यांनी वाढायला उभे राहावे. त्यामुळे पुढच्या वर्षी रविवारी माणसे मिळतीलच, असे आम्ही म्हणत नाही. पण मिळाली, तर ती पुन्हा आपल्याकडेच येतील.

गणपती बाप्पा मोरया!