दुर्गाबाई कामत : एक विस्मृत अभिनेत्री

स्मरणिकेच्या पानांत आपल्या वाडवडिलांचे गुणगान करण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. तथापि ज्यांना समाजाने एके काळी दार बंद केले, त्यांचेही स्मरण करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. म्हणून दुर्गाबाई कामत यांचा हा अल्प परिचय वाचकांस सादर करीत आहोत.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट पडद्यावर आणला. तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांनी स्त्रीचा पुष्कळ शोध केला. परंतु एकही स्त्री तयार होईना. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवून ती भूमिका पार पाडावी लागली. रंगभूमीवरही स्त्रीपार्ट पुरुषच करीत; कुलीन घरच्या स्त्रीने तोंडाला रंग लावणे म्हणजे कुळाला बट्टा, असा त्या काळचा समज होता.

अशा दिवसांत, पतीपासून विभक्त झालेल्या दुर्गाबाईंनी लहानग्या कमलेला घेऊन नाटक मंडळीची वाट धरली. आज ह्या गावी तर उद्या त्या गावी असा तो संसार; पदरी मूल आणि पाठीशी कोणी नाही. त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' ह्या दुसऱ्या कथापटात दुर्गाबाई पार्वती झाल्या व तेरा वर्षांची कमला मोहिनी झाली. भारतीय कथापटांतील पहिल्या अभिनेत्री म्हणून ह्या मायलेकींची नावे इतिहासात नोंदली गेली आहेत. ज्या कामास स्त्रिया नकार देत होत्या, ते आईने स्वतः पत्करले आणि मुलीलाही शिकविले!

कमलाबाईंचा विवाह पुढे रघुनाथराव गोखले यांच्याशी झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आले; तरी त्यांनी अभिनयाच्या बळावर मुलांना वाढविले. त्यांचे पुत्र चंद्रकांत गोखले व नातू विक्रम गोखले हे दोघेही नामवंत नट झाले. कालांतराने कमलाबाई निवर्तल्या. त्यांच्या हयातीतच रीना मोहन यांनी त्यांच्यावर माहितीपट काढला होता. मुलीचा व नातवंडांचा लौकिक सर्वांना ठाऊक. ज्या माउलीने पहिले पाऊल टाकले, तिचे नाव मात्र क्वचितच कानी पडते.

तिला नावे ठेवणारे कोणी परके नव्हते. ती आपल्यासारखीच घरंदाज, देवभीरू माणसे होती. आज आपल्या मुली रंगमंचावर उभ्या राहिल्या की आपण पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवितो. त्या टाळ्यांतील पहिली टाळी दुर्गाबाईंची आहे, हे विसरून चालणार नाही.

वाचक कुटुंबांस आमची नम्र विनंती आहे. आपल्या घराण्याच्या वंशावळीत जिचे नाव गाळले गेले आहे, अशी एखादी आत्या वा मावशी असेल, तर वडीलधाऱ्यांस विचारून ते नाव लिहून ठेवावे. एवढे झाले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले, असे आम्ही मानू.