पवनारची शिल्पे : भक्ती आणि पुरावा

१९३८ साली प्रकृती ढासळलेले विनोबा पवनारला, धाम नदीकाठच्या जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात राहावयास आले. व्यायाम म्हणून ते शेतात खणू लागले आणि जमिनीतून जुनी शिल्पे निघू लागली. त्यांतील एका शिल्पात विनोबांना भरत-रामाची भेट दिसली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातील प्रवचनांत भरताच्या भक्तीविषयी बोललेल्या विनोबांना हा योगायोग वाटला नसणार. शिल्पाची स्थापना झाली, पूजा सुरू झाली.

याच दगडांकडे वा. वि. मिराशी यांनी वेगळ्या दृष्टीने पाहिले. सेतुबंधाचा कर्ता, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे त्यांनी मांडले. शिल्पांतील रामकथेचे प्रसंग हा त्यांचा एक आधार होता. पुढे १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले. सातवाहनपूर्व काळापासून मराठा काळापर्यंतच्या वस्तीचे थर त्यातून उजेडात आले.

आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की येथे भक्ती आणि संशोधन यांनी एकमेकांना हुसकावून लावले नाही. १९५९ मध्ये विनोबांनी स्थापिलेल्या ब्रह्मविद्या मंदिरातील भगिनींनी शिल्पे सांभाळली. विद्यापीठाने त्यांना काळाची चौकट दिली. एकाने राखले नसते, तर दुसऱ्याने वाचले कशास असते?

१९९८ नंतर रामटेकजवळील मनसरच्या उत्खननात प्रवरेश्वराचे नाव असलेल्या मुद्रांकित मातीच्या खुणा मिळाल्या आणि प्रवरपूर तेथेच असावे, असे मत पुढे आले. काही शिल्पांतील प्रसंग रामकथेचे नसून कृष्णकथेचे आहेत, असेही अभ्यासक म्हणतात. गावाच्या अभिमानाला हे बोचेल. परंतु पवनारचे मोल राजधानीच्या बिरुदावर अवलंबून आहे काय? राजधानी मनसरला गेली, तरी हे दगड आणि ते थर येथलेच राहतात.

म्हणून आश्रम, विद्यापीठ आणि ग्रामपंचायत यांनी आता एकत्र बसून प्रत्येक शिल्पाची एक नोंद करावी. त्या नोंदीत अभ्यासकांची मते असावीत, त्यांतील मतभेद असावेत आणि त्या शिल्पापुढे हात जोडणाऱ्यांची आठवणही असावी. दगड पुष्कळ टिकतात. माणसांच्या आठवणींना तेवढे आयुष्य नसते.