घोडशीर आणि ज्ञानतंतु

टाचेच्या वर दोरीसारखा जो बळकट अवयव हातास लागतो, त्यास मराठींत घोडशीर म्हणतात. रक्त वाहते तीहि शीर, आखडते तीहि शीर आणि ठणकते तीहि शीर; तीन भिन्न वस्तूंना बोलण्यांत एकच नांव. हा दोष केवळ मराठीचा नव्हे. ग्रीक भाषेंतील 'न्यूरॉन' या शब्दाचा मूळ अर्थ कंडरा किंवा धनुष्याची दोरी असा होता. इसवी सनापूर्वीं ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रिया येथें हिरॉफिलस यानें ज्ञानतंतु कंडरांहून निराळे ओळखले, आणि पुढें तो शब्द ज्ञानतंतूंचा झाला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत स्नायूंची संख्या ९०० दिली असून, फळ्या दोरांनीं आवळल्या म्हणजे नौका जसा भार वाहते, तसें स्नायूंनीं बांधलेलें शरीर भार सोसतें, असा दृष्टांत दिला आहे. आजच्या मराठींत मात्र स्नायु म्हणजे मांसपेशी. बांधणारा अवयव कोणता आणि जाणणारा कोणता, हें निवडण्यास मनुष्यास अनेक शतकें लागलीं. आणि निवड झाल्यावर, बांधणाऱ्यांतच जाणणारा बसलेला आहे, हें त्यास पुन्हां शिकावें लागलें. या शिक्षणाचा मोठा भाग घोड्याच्या पायापाशीं घडला.

घोड्याच्या नळीच्या हाडामागें वरच्या टोकापासून एक रुंद अस्थिबंध निघतो. खालीं त्याच्या दोन शाखा होऊन त्या खुरावरील सांध्यामागच्या दोन लहान हाडांस चिकटतात. धांवतांना घोड्याचा सगळा भार क्षणभर एका पायावर येतो. तेव्हां तो सांधा जमिनीकडे खचतो आणि हा अस्थिबंध त्यास झोळीप्रमाणें तोलून धरतो. वस्तुतः ही एक रूपांतर पावलेली मांसपेशी होय. गाईबैलांत तिचें मांसल रूप बरेंच टिकून आहे. प्रौढ घोड्यांत थोडे मांसतंतु तेवढे उरतात. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेऊं शकतो, त्याच्या कारणांत याहि बंधाचा वांटा आहे.

क्लोद बूर्जला यानें १७६२ सालीं फ्रान्सांतील लियों येथें पशुवैद्यकाची शाळा उघडली. लंडनची शाळा १७९१ सालीं निघाली. लियों येथें शिकलेला इंग्रज विल्यम मूरक्रॉफ्ट १८०८ सालीं कंपनी सरकारच्या अश्वपैदाशीचा अधिकारी म्हणून बिहारांतील पुसा येथें आला. उत्तम घोड्यांच्या शोधार्थ तो पुढें थेट बुखाऱ्यापर्यंत गेला आणि १८२५ सालीं परतीच्या वाटेवर मरण पावला. खुराच्या जुनाट दुखण्यानें लंगडणाऱ्या घोड्याच्या पायांतील ज्ञानतंतु कापण्याची युक्ति त्यानें योजली होती. लंडनच्या शाळेंतील सूएल यांनीं ती प्रचारांत आणली.

परिणाम चमत्कारासारखा दिसे. काल तीन पायांवर चालणारा घोडा आज दौडूं लागे. परंतु दुखणें गेलेलें नसे. दुखण्याची वर्दी तेवढी थांबलेली असे. खुरांत खिळा रुतला तरी घोड्यास कळत नसे. पाय आंतून सडे, किंवा झिजलेली कंडरा चालतां चालतां तुटे. शिवाय तो वरून धडधाकट दिसत असल्यामुळें गिऱ्हाइकास फसविणेंहि सोपें झालें.

ज्ञानतंतु वेदनेखेरीज आणखी काय नेतात, याचें उत्तर हळूहळू मिळत गेलें. इटलींत फिलिप्पो पाचीनी यानें विद्यार्थिदशेंत, १८३१ सालीं, हाताच्या ज्ञानतंतूंवर लहान लहान दाणे पाहिले. दाब आणि कंप यांची वार्ता हे दाणे देतात. कंडरेंतील ताण मोजणारीं टोकें कामिल्लो गॉल्जी यानें १८८० सालीं वर्णिलीं, आणि त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रुफीनी यानें आणखी एक प्रकार दाखविला. १८९५ सालीं इंग्लंडांत मॉट व शेरिंग्टन यांनीं माकडाच्या एका हाताचे केवळ संवेदना नेणारे तंतु कापले. हालचालीचे तंतु शाबूत होते. तरीहि माकडानें तो हात वापरणें सोडलें. ज्या अवयवाची वार्ता येत नाहीं, तो अवयव असून नसल्यासारखा होतो. शरीराच्या या स्वतःविषयींच्या जाणिवेस शेरिंग्टन यांनीं १९०६ सालीं स्वतंत्र नांव दिलें.

फ्रीमन व वाइक यांनीं १९६७ सालीं मांजराच्या गुडघ्यांतील ज्ञानाग्रांचे चार वर्ग केले: ताणाची व स्थितीची सतत खबर देणारीं, एकाएकी होणारी हालचाल टिपणारीं, अस्थिबंधावरील अतिताण सांगणारीं आणि वेदनेचीं. अस्थिबंध ही केवळ निर्जीव दोरी, ही समजूत येथें संपली.

तथापि जुना मोह संपलेला नाहीं. घोड्याच्या मागच्या पायांतील हा बंध वरच्या भागीं वारंवार दुखावल्यास त्यास जाणारी ज्ञानतंतूची शाखा आजहि कापतात. आतां शल्यवैद्य जपून निवड करतात. तरीहि तंतु तुटल्यावर बंधांत उरलेले मांसतंतु कृश होतात, असें आढळलें आहे. ज्या घोड्याच्या पायाची संवेदना मारलेली आहे, त्यास आंतरराष्ट्रीय अश्वस्पर्धांत उतरूं देत नाहींत. हा नियम बक्षिसाच्या न्यायासाठीं आहे, तसाच घोड्यासाठीं व त्याच्या स्वारासाठींहि आहे.

लंगडणें हें घोड्याचें बोलणें आहे. त्यास दुसरी भाषा नाहीं. त्याचें तोंड बंद करून त्याजकडून काम घेतां येतें, हें मूरक्रॉफ्टच्या काळीं कळलें. बोलणें ऐकून दुखण्याचें मूळ शोधावें, हें कळावयास पुढें शंभराहून अधिक वर्षें लागलीं.