जँगोचा जन्म वर्तमानपत्राच्या कचेरीतला

इन्स्टाग्राम ज्या सॉफ्टवेअरवर उभं राहिलं त्याचं नाव जँगो. ते कुठल्या बड्या कंपनीत नाही, तर एका छोट्या शहरातल्या दैनिकाच्या कचेरीत तयार झालं. आपल्या पत्रकार मित्रांपैकी फार थोड्यांना हे माहीत असेल, म्हणून लिहितोय. लांब आहे, सवडीने वाचा.

आधी गोष्ट सोपी करू. सातबारा डोळ्यांसमोर आणा. रकाने ठरलेले, छापील. बदलतं काय? खातेदाराचं नाव, क्षेत्र, पीक. वेबपेजचं टेम्प्लेट म्हणजे हाच कोरा नमुना, आणि ऐनवेळी त्यात भरला जाणारा मजकूर म्हणजे डायनॅमिक कंटेंट. तुम्ही पान मागितलं की पलीकडचा संगणक डेटाबेसमधल्या नोंदी काढतो, नमुन्यात भरतो आणि पाठवतो.

सुरुवातीला असं काही नव्हतं. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांचं वेब लोकांसाठी खुलं झालं तेव्हा एक पान म्हणजे हाताने लिहिलेली एक फाइल. शंभर पानांच्या तळाशी फोन नंबर असेल आणि तो बदलला, तर शंभर फायली उघडा! १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रातून सीजीआय आलं. पान मागितलं की सर्व्हर एखादा प्रोग्रॅम चालवून त्याचं उत्तर पाठवू लागला. १९९५ मध्ये रास्मुस लेरडॉर्फने पीएचपी लोकांना दिलं. त्यात पुढे पानाच्या मजकुरातच प्रोग्रॅमच्या ओळी लिहिता येऊ लागल्या. काम झटपट व्हायचं, पण खिचडीही तशीच व्हायची. पानाची मांडणी करणाऱ्याने एक ओळ हलवली की हिशेब बिघडायचा.

आता कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्सला चला. विद्यापीठाचं गाव, २००० च्या जनगणनेत लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आसपास. तिथलं स्थानिक दैनिक लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड. २००३ मध्ये त्याच्या वेब विभागात दोन पोरं होती. एड्रियन होलोवाटी हा पत्रकारिता शिकलेला, आणि सायमन विलिसन हा इंग्लंडहून आलेला विद्यार्थी. पीएचपीला कंटाळून दोघे पायथॉनकडे वळले.

न्यूजरूम कशी असते हे सांगायला नको. संपादक सकाळी सांगणार आणि संध्याकाळी पान पाहिजे. जँगोचा घाट या घाईतून पडलाय. तक्ता कसा आहे एवढं सांगितलं की नोंदी भरायचा फॉर्म आपोआप तयार, म्हणजे बातमीदार स्वतः माहिती भरणार, प्रोग्रॅमरच्या मागे लागायची गरज नाही. टेम्प्लेटची भाषा मुद्दाम तोकडी ठेवली. दोन महिरपी कंसांत नाव लिहा, तिथे मजकूर येईल. थोडंफार 'असेल तर, नसेल तर' चालेल, पण सगळा प्रोग्रॅम टेम्प्लेटमध्ये कोंबता येणार नाही. मला विचाराल तर सगळ्यात शहाणा निर्णय हाच. जुळारी आणि बातमीदार यांची कामं वेगळी असतात, हे छापखान्यात वावरलेल्या माणसाला लगेच पटेल.

जुलै २००५ मध्ये त्यांनी हे सगळं जगाला फुकट देऊन टाकलं. नाव ठेवलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून; होलोवाटी स्वतःही गिटार वाजवतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायस्पेसवर एका तरुणाने आपल्या प्रोफाइलमध्ये माहितीच्या जागी प्रोग्रॅम दडवला. ते पान बघणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरने तो इमानेइतबारे चालवला, आणि दिवसभरात दहा लाखांहून जास्त खात्यांवरून त्याला मैत्रीच्या विनंत्या गेल्या. रकान्यात आलेला मजकूर न तपासता जसाच्या तसा पानात घातला की हे होतं. जँगोच्या २००८ सालच्या १.० आवृत्तीपासून असा मजकूर आपोआप निष्प्रभ होऊ लागला. ते विसरणं बातमीदाराच्या हातातच ठेवलं नाही.

पण पत्रकारांसाठी खरा माल पुढे आहे. होलोवाटीने २००५ मध्येच शिकागो पोलिसांच्या नोंदी घेऊन गल्लीगल्लीचं वेगळं पान दाखवणारी साइट केली. २००६ मध्ये त्याने मांडलं की आगीची बातमी म्हणजे नुसता निबंध नाही. तारीख, वेळ, पत्ता, जखमींची संख्या या वेगळ्या नोंदी आहेत, त्या वेगळ्या साठवा. २००७ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग टाइम्सने जँगोवरच पॉलिटिफॅक्ट उभं केलं. पुढाऱ्याचं एकेक विधान ही एक नोंद. २००९ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं.

याला दुसरी बाजू आहे. होलोवाटीची पुढची साइट एव्हरीब्लॉक २००९ मध्ये विकली गेली आणि २०१३ मध्ये नव्या मालकांनी पूर्वसूचना न देता बंद केली. अंकाची फाइल बांधून कपाटात ठेवता येते. डायनॅमिक पान मागितल्याशिवाय अस्तित्वातच नसतं. डेटाबेस बंद तर पानही गेलं.

आपल्याकडे बघा. कांद्याचा भाव आपण रोज छापतो, उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या छापतो. पण या तालुक्यात कोणत्या गावाला गेल्या दहा वर्षांत किती फेऱ्या झाल्या, हे कुणी विचारलं तर गठ्ठे उपसायचे. ई-पेपर म्हणजे पानाचा फोटो, सरकारी यादी म्हणजे कागद स्कॅन केलेली पीडीएफ. गाव, तारीख, फेऱ्या, ठेकेदार एवढ्या चार रकान्यांचा तक्ता असता तर त्या प्रश्नाला दोन मिनिटं लागली असती. जँगो आजही फुकट आहे. कुठल्या साप्ताहिकाने असा तक्ता सुरू केला असेल तर नक्की कळवा, मला बघायचाय.