मंदिराच्या भिंती व चुन्याचा गिलावा

जीर्णोद्धार हे आपल्या मराठवाड्याच्या मातीतील जुने पुण्यकर्म आहे. वेरूळच्या श्रीघृष्णेश्वराचा जीर्णोद्धार सोळाव्या शतकात मालोजीराजे भोसले यांनी केला आणि पुढे अठराव्या शतकात होळकर घराण्याने ते मंदिर पुन्हा उभे केले. अशा कार्यात शिखर, कळस व मूर्ती यांकडे सर्वांचे लक्ष जाते. भिंतीवरच्या गिलाव्याकडे मात्र तो ओला असतानाच काय ते पाहिले जाते, आणि तेही काळजीने.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वी त्याचा बराचसा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. या मुलखात गिलाव्याची परंपरा फार प्राचीन आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत खडबडीत कातळावर माती, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू यांचा लेप देऊन, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवून चित्रे काढली गेली. सतराव्या शतकातील बीबी-का-मकबरा तर गिलाव्याच्या कारागिरीचा नमुनाच होय. तेथे संगमरवर मुख्यतः घुमटाला व भिंतींच्या खालच्या भागाला आहे. उरलेल्या काळ्या दगडावर चुन्याचा घोटीव गिलावा आहे, आणि दुरून पाहणाऱ्यास तोही संगमरवरच वाटतो.

जुन्या काळी चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करीत, तो पाण्यात विझवीत आणि वाळू किंवा विटांचा चुरा घालून बैलाच्या घाणीत मळीत. गूळ, हिरडा, बेलफळ असे पदार्थही त्यात घालण्याची चाल होती. शेवटी बारीक चाळलेल्या चुन्याचा, म्हणजे निरूचा, पातळ थर देऊन तो थापीने घोटीत.

हा थर वाळू लागला की भिंतीचे रूप रोज बदलते. प्रथम ती करडी व चकचकीत दिसते. मग चमक जाते. वरचा भाग, कोपऱ्यांच्या कडा, दारा-खिडक्यांच्या बाजू, म्हणजे जेथे वारा लागतो ती जागा आधी पांढरी होते, आणि मधला भाग ढगांसारखा डागाळलेला राहतो. वीट पाणी लवकर ओढते, काळा दगड फारसे ओढत नाही. म्हणून कित्येकदा आतल्या विटा-दगडांची रेघ न् रेघ गिलाव्यावर उमटते. जेथे जुना गिलावा तसाच ठेवून नवा जोडला, तेथे सांधाही दिसतो.

असे डाग पाहून देणगीदाराच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. आपला पैसा वाया तर गेला नाही ना, असे त्यास वाटते. पण बहुतेक डाग वाळण्याचेच असतात आणि भिंत एकसारखी सुकली की आपोआप मिटतात. चुन्याचे पाणी उडून गेल्यावरही त्याचे काम संपत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून तो हळूहळू पुन्हा दगड बनत असतो, व त्यास महिनोन् महिने लागतात.

याउलट, इतर भिंत कोरडी होऊनही एकाच जागी ओल टिकली, तर गच्चीतून किंवा पायातून पाणी येत आहे असे समजावे. पांढरी भुकटी फुटली तर तो लोणा होय. तो धुऊ नये, कोरड्या कुंचल्याने झाडावा. आपल्याकडचे चैत्र-वैशाखाचे ऊन व झळा यांमुळे गिलावा घाईने वाळला तर त्यावर बारीक तडे जातात; म्हणून तरटे भिजवून लावतात व सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडतात. उत्सव जवळ आला म्हणून ओल्या भिंतीवर तेलरंग चढविला, तर आतील ओल कोंडते व पुढे रंगाचे पापुद्रे सुटतात. चुन्याच्या सफेदीला मात्र किंचित ओलसर भिंत चालते. ती लावताना पाण्यासारखी दिसते आणि सुकताना पांढरीशुभ्र उमटते. जुन्या दगडी व चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा कडक थर दिल्यासही आतील ओल अडते व दगडांचे सांधे पोखरतात.

तात्पर्य, जीर्णोद्धारात द्रव्य व श्रम यांइतकाच धीरही अर्पण करावा लागतो. देवाच्या भिंतीला तिचा वेळ दिला, तर ती पुढील पिढ्यांना सावली देत राहील. श्रीचरणी हीच प्रार्थना.