मोबाइल बिलात 'पेमेंट मोड चार्ज' लागलाय? पैसे परत असे मागा

बाबांच्या पोस्टपेड बिलात दर महिन्याला ५९ रुपयांची एक ओळ येत होती, 'पेमेंट मोड चार्ज'. ५० रुपये चार्ज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. कारण काय, तर त्यांनी ऑटोपे लावलेलं नव्हतं. टॅक्सच असेल असं समजून बाबा आठ महिने गपचूप भरत राहिले. म्हणजे ४७२ रुपये गेले.

असा चार्ज दिसला की आधी एकच गोष्ट शोधा: पैसे नेमके कोणी घेतले? टेलिकॉम कंपनीने, पेमेंट अ‍ॅपने की बँकेने? बहुतेक लोक इथेच चुकतात. अ‍ॅपने घेतलेल्या दोन रुपयांसाठी कंपनीच्या कस्टमर केअरशी अर्धा तास भांडतात आणि हाती काहीच लागत नाही.

२९९ चा रिचार्ज केला आणि खात्यातून ३०१ गेले, तर वरचे दोन रुपये बहुधा अ‍ॅपची 'प्लॅटफॉर्म फी' किंवा 'कन्व्हिनियन्स फी' असते. पैसे भरण्याआधीच्या स्क्रीनवर ती दाखवलेली असेल, तर परत मिळण्याची आशा फारशी धरू नका. कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून किंवा वेबसाइटवरून रिचार्ज केला की ही फी सहसा लागत नाही.

"पण यूपीआय तर फुकट आहे ना?" हो, आहे. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डच्या पेमेंटवर बँकेला किंवा पेमेंट सिस्टिम चालवणाऱ्याला चार्ज लावता येत नाही. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम १०ए मध्ये तसं स्पष्ट आहे. गोम अशी की प्लॅटफॉर्म फी ही पेमेंटची नाही, रिचार्जच्या सोयीची फी आहे असं अ‍ॅपवाले सांगतात. म्हणून ओळीचं नाव नीट वाचा. बँकेनेच यूपीआयचा चार्ज कापला असेल, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. डेबिट कार्डाचा खर्च दुकानदाराने ग्राहकावर टाकू नये, हे बघायला आरबीआयने बँकांना सांगितलेलं आहे. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मात्र इतकं संरक्षण नाही.

आता बाबांची केस. इथे ओळ कंपनीच्याच बिलात होती, म्हणजे तक्रारही कंपनीकडेच. आधी प्लॅन घेतानाचा मेल आणि माहितीपत्रक काढलं. त्यात या चार्जचा उल्लेखच नव्हता. (तुमचा मोबाइल प्लॅन नवा असेल तर आणखी एक मुद्दा हाताशी असतो. ट्रायच्या नियमानुसार प्लॅन घेतल्यापासून सहा महिने कंपनीला त्यातला कुठलाही दर वाढवता येत नाही.)

मग १९८ वर फोन केला. हा तक्रारीचा टोल-फ्री नंबर. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे फसवणाऱ्यांचेही नंबर असतात. पलीकडून उत्तर आलं, "सर, सिस्टिमने लावलाय." सिस्टिम्स बनवणं हेच माझं काम असल्यामुळे हे वाक्य मला जरा जास्तच लागलं. कोणीतरी नियम लिहिल्याशिवाय सिस्टिम काही लावत नाही.

फोन ठेवण्याआधी डॉकेट नंबर मागून घ्या. तो देणं कंपनीला बंधनकारक आहे आणि पुढची प्रत्येक पायरी त्यावरच चालते. नंबर नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. दरम्यान बिल थकवू नका. मेलवर आक्षेप नोंदवून पूर्ण रक्कम भरा, नाहीतर लेट फी आणि बंद झालेलं सिम अशी दोन नवी भांडणं सुरू होतात.

दोन दिवसांत 'तुमची तक्रार सोडवली आहे' असा एसएमएस आला. सोडवलं काहीच नव्हतं. यानंतरची पायरी म्हणजे कंपनीतल्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील. त्याला फी नाही, ३० दिवसांच्या आत करायचं असतं आणि निर्णय ३९ दिवसांत यायला हवा. आम्ही अपिलात फक्त डॉकेट नंबर, आठ बिलं आणि एक प्रश्न दिला: प्लॅन घेताना हा चार्ज कुठे लिहिला होता, ते पान दाखवा.

इथेही काही झालं नाही, तर ट्रायला पत्र लिहून उपयोग नाही, कारण ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही. दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे जा किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. शेवटी ग्राहक आयोग आहेच. २००९ च्या एका निकालामुळे टेलिकॉमच्या तक्रारी तिथे अडायच्या, पण १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रस्ता मोकळा केला. सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. दोन वर्षांच्या आत दाखल करा.

आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. पुढच्या बिलात ४०० रुपये वजा होऊन आले. जीएसटीचे ७२ रुपये तसेच राहिले होते. मूळ चार्ज परत केला, तर त्यावरचा टॅक्स कशाला ठेवला, असा त्याच डॉकेटवर पुन्हा मेल टाकला. तेही त्याच्या पुढच्या बिलात आले.